पाण्याच्या आवाजाआड

७ सप्टेंबर, रविवार

आज सव्वा तास माझ्या कानात काहीही वाजत नव्हतं.

एवढं लिहून ठेवावं म्हणून ही वही काढली. कोर्टाच्या कपाटात तिरक्या रेघा छापलेल्या वह्यांचा गठ्ठा पडून आहे, त्यातली ही एक. चोवीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेते आहे, साक्षीदारांचं, वकिलांचं, न्यायाधीशांचं, मिनिटाला एकशेवीस शब्द. स्वतःचं लिहायला बसले तर पहिल्याच ओळीला दहा मिनिटं लागली.

जुलैत सर्दी झाली होती. ती गेली, पण जाताना डाव्या कानात एक शिट्टी ठेवून गेली. बारीक आणि अखंड, लांबच्या खोलीत कुणी किटली गॅसवर विसरून गेल्यासारखी. त्या शिट्टीमागे माणसांचे आवाज धुरकट होतात. उजव्या कानावर निभावून नेते. कुणाला सांगितलेलं नाही. लघुलेखिकेचा कान गेला म्हटल्यावर तिला कोण ठेवून घेणार? घरी नळ मोठा सोडला की जरा बरं वाटतं, म्हणून हल्ली भांडी घासायला मला फार वेळ लागतो. यांनी दोन-तीनदा दारात उभं राहून बघितलं आणि परत गेले.

हे म्हणजे माझा नवरा. यांचं फोटोंना आणि चित्रांना चौकटी करून द्यायचं दुकान आहे. एक निवृत्त वनरक्षक डोंगरातल्या पायवाटांचा नकाशा चौकटीसाठी टाकून गेला तो न्यायला आलाच नाही. त्यावरून यांनी एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर यादी उतरवून आणली. एका दिवसात जाऊन येण्याजोगे अकरा धबधबे आणि सहा टोकं, म्हणजे जिथून सगळी दरी दिसते अशा जागा.

"साखर वाढलीय माझी. डॉक्टर म्हणाले, चाला," हे म्हणाले. "एकट्याला कंटाळा येतो. तू चल."

रिपोर्ट मागितला तर म्हणे दुकानात राहिला.

सकाळी सातची बस पकडली. जंगलाच्या फाटकाशी उतरून तासभर चाललो. झाडं इतकी उंच आणि इतकी जवळजवळ, की उजेड हिरवा होऊनच खाली पोचत होता. खोडांवर शेवाळ, दगडांवर शेवाळ, पडलेल्या ओंडक्यांवरही शेवाळ. पावलांचा आवाजच होत नव्हता. झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. मग पायाखालची जमीन किंचित थरथरायला लागली आणि वळणापलीकडे ते पाणी दिसलं. वीस-पंचवीस माणसांच्या उंचीवरून, पांढरं, घाई नसल्यासारखं पडणारं.

मी एका सपाट दगडावर बसले. पाण्याचा आवाज आधी छातीत शिरला, मग डोक्यात. आणि ती शिट्टी पाण्यात साखर विरघळावी तशी विरघळून गेली. मी शोधली तिला, खरंच शोधली. नव्हती.

मला रडू आलं. तोंडावर तुषार येतच होते, त्यामुळे यांना कळलं नसावं.

१० सप्टेंबर, बुधवार

दिवसभर लाँड्रीच्या आगीचं प्रकरण. मोठी लाँड्री, बाष्पयंत्रापाशी आग लागली, मागचं दार बंद असल्यामुळे एका कामगाराला ज्वाळांतूनच बाहेर पडावं लागलं, त्याचे दोन्ही हात भाजले. ते दार कुणी लावलं हाच सगळा प्रश्न. आज इस्त्री करणाऱ्या बाईंची साक्ष झाली. पन्नाशीच्या आहेत. आवाज भलताच. एक वाक्य ओरडून बोलतात, दुसरं तोंडातल्या तोंडात. त्यांच्यावर पंख्याची घरघर आणि माझी शिट्टी. एके ठिकाणी वाक्याचा शेवट निसटला. टंकताना संदर्भावरून भरला. वाचून दाखवल्यावर बाईंनी मान डोलावून सही केली, म्हणजे बरोबरच असणार.

घरी आले तेव्हा डोकं घणघणत होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

दुसरा धबधबा. पाटीवरचं नाव विसरले. मी त्याला वेणी म्हणते, कारण तीन धारा वरून वेगवेगळ्या निघतात आणि खाली येईपर्यंत एकमेकींत गुंफल्या जातात.

यांचे गुडघे चढावर कुरकुरतात. दर शंभर पावलांवर थांबून झाडाची साल निरखल्याचं नाटक. मी म्हटलं, "अहो, साखरेसाठी बागेतल्या सपाट वाटेनं चाललं तरी चालतं की!"

"बागेत डास असतात."

आणि एक नवीनच खोड. वाटेवर माझ्या उजव्या हातालाच चालायचं. वाट अरुंद झाली, मी सरकले, की हे मागून फिरून परत उजवीकडे. एकदा तर त्यासाठी ओढ्यात पाय घातला. बूट भिजले ते भिजले, वर मलाच म्हणतात, "इकडून देखावा चांगला दिसतो." उजवीकडे नुसती दरड होती.

पाण्यापाशी दोन तास बसलो. पाव, अंडी, सफरचंद. मी तीनदा म्हटलं, निघू या. तीनदा म्हणाले, "बसू अजून, माझं बघून पोट भरलेलं नाही." बघत मात्र पाण्याकडे नव्हतेच. मी वळले की यांची नजर माझ्याकडे. तोंडाला काही लागलंय का म्हणून मी रुमालाने पुसूनही घेतलं.

धारांकडे बघताबघता एक गंमत होते. एकच थेंब धरून त्याच्यासोबत नजर खाली आणायची. तो खाली पोचला की परत वर जायचं आणि नवा थेंब धरायचा. असं दहा-बारा वेळा केलं की पाणी पडायचं थांबतं आणि आपणच वर वर जायला लागतो, दगडासकट, पावाच्या पुडक्यासकट. उतरायला मन होत नव्हतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज फ्रिजवर चिठ्ठी, "उशिरा येईन. जेवून घे." काल चिठ्ठी, "लेकीचा फोन आला होता, मजेत आहे." परवा तर हे घरातच होते, पलीकडच्या खोलीत, तरी चिठ्ठी. एकतीस वर्षांत या माणसाने मला एक पत्र लिहिलं नाही. पूर्वी दुकानातून आले की जिन्यापासून बडबड सुरू व्हायची. आता समोर येऊन बसल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, आणि उघडलं तर चारच शब्द.

माझ्याशी बोलायचाही कंटाळा आला असेल. या वयात येत असेल.

२८ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस वाया गेला. आज यांनी टोक निवडलं होतं.

वर पोचलो तेव्हा दरीत धुकं भरलेलं होतं, काठोकाठ. डोंगरांची नुसती माथी वर आलेली, बेटांसारखी. वारा नाही, पक्षी नाही. असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि त्या शांततेत माझी शिट्टी इतकी मोठी झाली, की वाटलं ती माझ्या कानातून निघून सगळ्या दरीत पसरते आहे, धुकं त्याच आवाजाने हलतं आहे. अंग घामाने भिजलं. मी म्हटलं, खाली चला. आत्ताच्या आत्ता.

डबा न उघडताच उतरलो. खालच्या ओढ्यापाशी आल्यावर मला बसवलं, पाणी प्यायला दिलं.

घरी येऊन यांनी यादीतल्या सगळ्या टोकांवर काट मारली. म्हणे गुडघ्यांना चढ झेपत नाही. धबधब्यांच्या वाटा काय उताराच्या आहेत?

८ ऑक्टोबर, बुधवार



लाँड्रीच्या प्रकरणात न्यायाधीश मॅडमनी आज पहिला आदेश वाचला. दार इस्त्रीवाल्या बाईंनीच लावलं, "त्यांच्या स्वतःच्या जबानीनुसार". त्यांच्यावर हलगर्जीपणाचा खटला चालेल.

बाई आधी नुसत्या बसून होत्या. शेजारच्या माणसाने त्यांच्या कानाशी लागून सांगितलं तेव्हा ताडकन उठल्या.

"मी असं बोललेच नाही! मी बोलले, दार मी लावलं नव्हतं! नव्हतं!"

आमच्या शिरस्तेदारांनी, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनांनी, कागद वर धरला. "बाई, खाली तुमची सही आहे. खाली बसा."

त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या म्हणून मला ऐकू आलं. नव्हतं.

मधल्या सुट्टीत दहा सप्टेंबरची वही काढली. पान सापडलं. माझ्या लघुलिपीत आहे, "मागचं दार मी लावलं", आणि त्यापुढे काहीच नाही. अर्धा इंच कोरा कागद. टंकलेल्या प्रतीत आहे, "मागचं दार मी लावलं होतं." ते "होतं" मी घातलं. संदर्भावरून.

वही परत कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काही केलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आजही नाही. एकीकडे म्हणते, वकील बघून घेतील, वरच्या कोर्टात सुटतील. दुसरीकडे तेच कोरं पान डोळ्यांसमोर येतं. आज शिरस्तेदार सहज म्हणाले, "तुमच्या हातची प्रत म्हणजे डोळे मिटून सही करावी." मी हसले. हसू कसं आलं कोण जाणे.

१२ ऑक्टोबर, रविवार

यादीतला सगळ्यात मोठा धबधबा. वाट अडीच तासांची. यांनी दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधले होते. मी म्हटलं, नको जाऊ या, माझंही मन नाही. म्हणाले, "तिकिटं काढली." बसची तिकिटं बसमध्येच काढतात.

या धबधब्याच्या मागे कपार आहे. ओल्या दगडांना धरत धरत आत जाता येतं. आत गेलो आणि बाहेरचं जग पुसलं गेलं. समोर पाण्याचं हलतं दार. त्यातून येणारा उजेड दुधासारखा, भिंतींवर नाचणारा. कातळातून नेचे लोंबत होते आणि हवेच्या झोताने सगळे एकाच लयीत माना हलवत होते. आवाज इतका की आवाज असा उरलाच नव्हता. त्याचा नुसता दाब होता, सगळीकडून, मायेने धरल्यासारखा. किती वेळ उभी होते माहीत नाही. आपण कोण, कुठून आलो, उद्या सोमवार आहे, यातलं काहीही जवळ नव्हतं.

आणि मग मी बोलले. ठरवून नाही. त्या पाण्याला तोंड करून मोठ्याने बोलले. माझा डावा कान गेलाय. जुलैपासून. मी बाईंचा शब्द ऐकलाच नाही, मी माझ्या मनचा घातला, आणि आता त्या बाईला माझ्या शब्दाची शिक्षा होणार आहे. मी कोरी जागा पाहिली आणि कपाटाला कुलूप लावलं. सगळं ओरडून सांगितलं, पुन्हा पुन्हा. मला स्वतःला एक अक्षर ऐकू आलं नाही. माझ्या ओठांची हालचाल तेवढी कळत होती.

वळून बघितलं तर हे उजवीकडे हातभर अंतरावर होते. मी दचकले. पण मलाच ऐकू आलं नव्हतं, तर यांना काय येणार? यांनी माझ्या जाकिटाची चेन वरपर्यंत ओढून दिली आणि बाहेर जाण्याची खूण केली.

उतरताना एकदम म्हणाले, "ते तुमचे शिरस्तेदार सकाळी किती वाजता येतात?"

"साडेनऊला. का?"

"सहज. एखाद्याला त्यांना गाठायचं असेल, तर सव्वानऊला जाऊन बसलेलं बरं. मी येईन तुझ्याबरोबर फाटकापर्यंत. त्या बाजूला काच आणायची आहे."

काचेचं दुकान बरोबर उलट्या दिशेला आहे. पण यांच्या तोंडून ते निघालं आणि मला वाटलं, हो, सव्वानऊला जावं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते.

सव्वानऊला शिरस्तेदारांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. ते आले, मी दहा सप्टेंबरची वही आणि टंकलेली प्रत समोर ठेवली आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू."

"सांगितलं ना."

"तुमची सहा वर्षं राहिलीत. पेन्शन आहे. आणि एक जबानी चुकली म्हटलं की जुलैपासूनच्या सगळ्या जबान्या उघडाव्या लागतील. कोर्टाची अब्रू जाईल ती वेगळी. वकील देतील अर्ज. होईल दुरुस्ती आपोआप."

"त्यांना वकील नाही, साहेब. सरकारने दिलेला आहे, तो दोनदा आलाच नाही."

"जरा हळू बोला."

मी हळू बोलत होते असं मला वाटत होतं.

शेवटी त्यांनी हात टेकले. मॅडमच्या दालनात मी एकटी गेले. मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांनी वही हातात घेतली. लघुलिपी त्यांना येत नाही, पण कोरी जागा कुणालाही वाचता येते. खूप वेळ तिच्यावर बोट ठेवून बसल्या.

"किती दिवसांपासून?"

"जुलैपासून."

"आणि मी रोज तुमच्या डावीकडे, वर बसून बोलत होते."

"हो, मॅडम."

"मला कशा घ्यायचात?"

"तुमच्या ओठांवरून. तुम्ही स्पष्ट बोलता."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. लेखी द्या म्हणाल्या. तिथेच, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहिलं. आजपासून मला कोर्टकक्षात बसायचं नाही.

बाहेर आले तर हे फाटकापाशीच उभे. दोन तास झाले होते. हातात काच नव्हती. मी म्हटलं, "दुकान उघडायचं नाही?" म्हणाले, "चावी विसरलो." चावी यांच्या गळ्यात असते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमच्या सांगण्यावरून कानाच्या डॉक्टरांकडे. हेही आले. डॉक्टर फॉर्म भरत होते, मान खाली घालून म्हणाले, "कोणता कान?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "डावा."

मी यांच्याकडे बघितलं. सोमवारी घरी आल्यावर मी सगळं सांगितलं खरं, पण डावा म्हणाले होते का? म्हणाले असेन.

काचेच्या पेटीत बसवून तपासलं. डावा जवळजवळ गेलेला. उजव्यालाही वरच्या पट्टीतलं, बारीक आवाजाचं कमी ऐकू येतं. यंत्र लावलं तर उजव्याला मदत होईल. डाव्याचं काही होणार नाही. "पहिल्या आठवड्यात आला असतात तर औषधाने कदाचित वाचला असता," डॉक्टर म्हणाले. "आता तो आवाज सोबतीला राहणार. बहुतेकांना सवय होते."

पहिला आठवडा. जुलैतला. तेव्हा मी वाफारे घेत होते आणि कुणाला कळू नये म्हणून देवाचा धावा करत होते.

जिना उतरताना हे मध्येच थांबले, कठड्याला धरून. म्हणाले, "मीच बोलायला हवं होतं. तेव्हाच."

"डॉक्टरांशी? बोललात की. तुम्हीच तर नंबर लावलात."

यांनी माझ्याकडे बघितलं आणि "हो" म्हणाले. डोळे लाल दिसत होते. दुकानातल्या लाकडाच्या भुशाने होतं असं कधीकधी.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज इस्त्रीवाल्या बाईंची साक्ष पुन्हा घेतली. माझ्या जागी नवी मुलगी आहे, चुणचुणीत. मला साक्षीदार म्हणून उभं केलं. चोवीस वर्षं ज्या पिंजऱ्याकडे तोंड करून बसले त्यातून पहिल्यांदाच माझं टेबल बघितलं. फार लहान दिसतं.

सगळं सांगितलं. वकिलांनी विचारलं, "आठ तारखेला चूक कळली, तर तेरापर्यंत काय करत होता?" मी म्हटलं, "घाबरले होते." तेवढंच उत्तर होतं.

बाईंनी सांगितलं, दार मुकादम लावायचा, कामगार वेळेआधी सटकू नयेत म्हणून, आणि किल्ली त्याच्याकडेच असायची. मॅडमनी त्यांच्यावरचा खटला थांबवला. मुकादमाला बोलावणं गेलंय.

नंतर व्हरांड्यात त्या मला भेटल्या. मी हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले, मायेने नाही.

"महिनाभर," त्या म्हणाल्या, फार मोठ्याने. येणारे-जाणारे बघायला लागले. "महिनाभर त्या भाजलेल्या पोराची आई माझ्या दारासमोरून थुंकून जायची. माझ्याच गल्लीत राहते ती."

"माझी चूक आहे."

"काय?"

"माझी चूक आहे!" मी ओरडून म्हटलं.

"हां. आहेच."

मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. "पण बाई, वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही मान का डोलावलीत?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग माझ्या तोंडाशी तोंड आणून म्हणाल्या, "वीस वर्षं वाफेच्या मशीनपाशी काढलीत. एवढ्या लांबून तो कारकून गुणगुणल्यासारखा वाचत होता. मला काय ऐकू येणार? सगळे बघत होते. मी मान हलवली. तुम्ही नाही हलवत?"

मी मान हलवली.

आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. त्या माझ्या उजव्या हाताला, मी त्यांच्या डाव्या. त्यांचा डावा कान जरा बरा आहे म्हणाल्या. असे बसल्यावर कुणाला ओरडावं लागलं नाही. त्यांनी मला माफ केलं असं म्हणणार नाही, तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. कानाच्या डॉक्टरांचा पत्ता मात्र लिहून घेतला, आणि तपासताना दुखतं का, हे दोनदा विचारलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

माझी बदली अभिलेख कक्षात झाली, म्हणजे तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. पगारवाढ थांबवली आहे, नोकरी राहिली. जुलैपासूनच्या माझ्या एकतीस जबान्या दुसऱ्या दोघी लघुलेखिका तपासताहेत. आणखी दोन चुका सापडल्या. एकीत रस्त्याचं नाव, एकीत तारीख. कुणाचं नुकसान झालं नाही. ते नशीब, माझं कर्तृत्व नाही.

उजव्या कानात यंत्र आलं. पहिल्या दिवशी कागद उलटल्याचा आवाज ऐकून मला वाटलं काही तरी फाटलं.

शिरस्तेदार जिना उतरून खाली आले होते. फाईल हवी होती म्हणाले. फाईल मिळाल्यावरही घुटमळले. मग म्हणाले, "मी वाचून दाखवताना फार भरभर वाचतो का हो?"

"हो," मी म्हटलं. "फार."

७ डिसेंबर, रविवार

यांच्या गुडघ्यांवर हाडांच्या डॉक्टरांनी बंदी आणली आहे. चढ नाही, ओले दगड नाहीत. अकरांपैकी सात धबधबे झाले. मी म्हटलं, चार राहिले तर राहू देत. आणि हो, त्या डॉक्टरांनी रक्तही तपासलं. साखर अगदी नेहमीसारखी. चालण्याचा गुण आला बघा, म्हटलं. हे म्हणाले, "आला खरा."

तरी रविवार आला की दोघांना घरात चैन पडत नाही. बसच्या शेवटच्या थांब्यापासून सपाट वाटेने वीस मिनिटांवर एक टोक आहे, यादीत नसलेलं, बसवाल्यानेच सांगितलं. मीच म्हटलं, तिकडे जाऊ. यांनी दोनदा विचारलं, "तिथे पाणी नाही. चालेल?" मी म्हटलं, चालेल की नाही ते तिथे गेल्यावर कळेल.

पानं बरीच गळून गेलेली. वाटेवर त्यांचा जाड थर, आणि यंत्रामुळे प्रत्येक पाऊल ऐकू येत होतं. मला सारखं हसू येत होतं. टोकाशी एक लाकडी बाक, समोर दरी. आज धुकं नव्हतं. डोंगरामागे डोंगर, त्यामागे डोंगर, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिका, शेवटचा तर आभाळ आहे की डोंगर ते सांगता येऊ नये इतका. खाली कुठे तरी नदी असावी, तिची चमक तेवढी मधूनच दिसायची.

यंत्र काढून खिशात ठेवलं. शिट्टी होतीच. मी तिची वाट बघतच बसले होते. ती मोठी झाली, मग आणखी मोठी झाली, आणि मग तेवढीच राहिली. घाम आला नाही. मी त्या फिक्या डोंगरांकडे बघत राहिले. थोड्या वेळाने ती त्यांच्याही पलीकडून येते आहे असं वाटायला लागलं, खूप लांबून, माझ्यासाठी नाही, कुणासाठीच नाही, अशी. मग तिच्याकडे लक्ष द्यायचंही मी विसरले. परत आठवलं, परत विसरले.

चहा पिऊन झाल्यावर हे उठले, दरीच्या कडेपर्यंत जाऊन आले, आणि परत येताना बाकाच्या जवळच्या टोकाला, माझ्या डाव्या बाजूला बसले. फार दमलेले दिसत होते. एवढ्याशा वाटेने नाही, तीन-चार महिन्यांचे दमलेले. काही तरी बोलले. मला कळलं नाही, आणि यंत्र खिशातच होतं. मी मान हलवणार होते. हलवली नाही.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "परत सांगा."

ते माझ्याकडे वळले आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "पाच मिनिटं डोळे मिटतो."

त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि लगेच झोपले. हे घोरतात, एकतीस वर्षं घोरताहेत. घोरतच असणार. त्या कानाला काही कळत नव्हतं, पण खांद्याला कळत होतं. श्वास आत जाताना कोट किंचित वर यायचा, बाहेर येताना खाली जायचा. समोर डोंगरांच्या रांगा निळ्याच्या जांभळ्या झाल्या.

साडेचारची बस होती. मी त्यांना उठवलं नाही.